दुरुस्त करत करत वर्षानुवर्षं वापरायचा मेकॅनिकल कीबोर्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कीबोर्ड एकदाच विचार करून घ्यायचा, बिघडला तर उघडायचा, खराब भाग बदलायचा आणि पुन्हा कामाला लावायचा, अशी इच्छा असणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. दिवे किती रंगांचे लागतात याची माहिती इथं मिळणार नाही.

कस्टम मेकॅनिकल कीबोर्ड म्हणजे नेमकं काय?

मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो. त्यात एक स्प्रिंग, वरखाली सरकणारी दांडी आणि धातूच्या दोन पट्ट्या. दांडी खाली गेली की पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि अक्षर उमटतं. कस्टम म्हणजे केस (बाहेरचं खोकं), प्लेट (स्विच धरून ठेवणारा पत्रा), पीसीबी (ज्यावर सगळी जोडणी छापलेली असते तो सर्किटचा बोर्ड), स्विच, स्टॅबिलायझर (लांब बटणांचा आधार) आणि कीकॅप (बटणावरची टोपी) हे सगळं वेगवेगळं निवडून जोडलेला कीबोर्ड.

या सगळ्याचा पाया एका जर्मन कंपनीने घातला. चेरीचा एमएक्स स्विच १९८०च्या दशकात आला. त्याच्या पेटंटची मुदत संपल्यावर गेटरॉन, कैल, आउटेमू अशा चिनी कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच काढले. अधिकच्या चिन्हासारखी दांडी, तळाशी दोन धातूचे पाय, प्लेटमध्ये १४ मिलिमीटरचं चौकोनी छिद्र आणि दोन बटणांच्या केंद्रांत १९.०५ मिलिमीटर अंतर: ही मापं आता कुणा एका कंपनीची राहिलेली नाहीत. आज विकत घेतलेली कीकॅप तीस वर्षांपूर्वीच्या एमएक्स स्विचवर बसते. टिकाऊपणाबद्दल पुढे जे काही लिहिलंय ते याच एका गोष्टीवर उभं आहे.

पाचशे रुपयांचा साधा कीबोर्ड दुरुस्त का करता येत नाही?

त्याच्या आत प्लास्टिकचे तीन पातळ कागद आणि रबराची एक गादी असते. वरच्या आणि खालच्या कागदावर वाहक शाईने छापलेल्या रेषा असतात. दाब पडला की मधल्या कागदाच्या भोकातून त्या एकमेकींना टेकतात. एखादी रेषा ओलाव्याने खराब झाली की बटणांची अख्खी ओळ जाते, आणि तो कागद त्या एका मॉडेलशिवाय कशालाच चालत नाही. पण असा कीबोर्ड पाच-सहा वर्षं मुकाट्याने काम करत असेल तर तो फेकून कस्टम घेण्यात काही शहाणपणा नाही. मेला की मग बघा.

स्विचवर ‘५ कोटी दाब’ लिहिलेलं असतं. म्हणजे किती वर्षं?

हिशेब करू. रोज १०,००० शब्द टाइप करणारा माणूस घ्या. हे फार झाले, पण धरू. प्रत्येक शब्दामागे एकदा स्पेसबार, म्हणजे दिवसाला १०,००० दाब. ५ कोटींना १०,००० ने भागलं की ५,००० दिवस. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर साधारण साडेसोळा वर्षं, आणि तीही सगळ्यांत जास्त दाबल्या जाणाऱ्या बटणाची. चेरी आपल्या लाल स्विचला १० कोटींचा आकडा देते. म्हणजे तिथं हाच हिशेब दुप्पट.

थोडक्यात, दुकानदार हा आकडा सांगायला लागला की मान डोलवा आणि पुढचा प्रश्न विचारा: याचा पीसीबी वेगळा मिळतो का?

मग आधी काय बिघडतं?

बहुतेक वेळा यूएसबीचं पोर्ट. केबल रोज काढघाल होते, कुणाचा तरी पाय त्यात अडकतो, आणि पोर्टचे इवलेसे सोल्डरचे सांधे उचकटतात. कधी कधी पीसीबीवरची तांब्याची पट्टीच सोबत निघून येते. म्हणून शक्य असेल तर पोर्ट वेगळ्या छोट्या पीसीबीवर असलेला कीबोर्ड घ्या. या तुकड्याला डॉटरबोर्ड म्हणतात. ‘युनिफाइड डॉटरबोर्ड’ नावाची एक खुली रचना आहे. तिची फाइल घेऊन कुणीही ती बनवून घेऊ शकतं आणि बऱ्याच कस्टम कीबोर्डांत तीच बसवलेली असते. पोर्ट गेलं तर चार स्क्रू, एक छोटी वायर, काम संपलं.

पोर्टचाच एक फसवा प्रकार: कीबोर्ड जुन्या चौकोनी यूएसबी-ए केबलने चालतो, पण दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने अजिबात चालू होत नाही. पोर्ट मेलेलं नसतं. टाइप-सीच्या सीसी नावाच्या दोन रेषांवर प्रत्येकी ५.१ किलोओहमचा रेझिस्टर लागतो आणि बनवणाऱ्याने तो वाचवलेला असतो. ए-टू-सी केबल वापरा, बाकी काही करू नका.

त्यानंतर स्विच. तो कायमचा मरत नाही, आधी एका दाबात दोन अक्षरं उमटवायला लागतो. मग स्टॅबिलायझर, म्हणजे स्पेसबार, एंटर, शिफ्ट या लांब बटणांखालची तार आणि तिचे प्लास्टिकचे खुंट. ते खडखडतात, पण काम चालू राहतं. वायरलेस असेल तर दोन-चार वर्षांत बॅटरी दमते. सगळ्यात शेवटी पीसीबीवरचा कंट्रोलर, म्हणजे कीबोर्ड चालवणारी मुख्य चिप. तो सहसा जात नाही, पण गेला तर बाकी सगळा कीबोर्ड शाबूत असून निरुपयोगी होतो. पीसीबी घेताना पोर्टजवळ ईएसडी (म्हणजे स्थिर विजेपासून) संरक्षणाची चिप आणि फ्यूज आहे का ते माहितीपत्रकात बघावं, ते यासाठी. कोरड्या हिवाळ्यात बोटातून बसणारी ठिणगी तिथंच अडते.

हॉट-स्वॅप घ्यावा की सोल्डर केलेला?

हॉट-स्वॅप म्हणजे पीसीबीच्या मागे छोटी सॉकेटं असतात, स्विच त्यात दाबून बसवायचा आणि चिमट्याने ओढून काढायचा. ज्यांनी कधी सोल्डरिंग आयर्न हातात धरलेलं नाही त्यांनी हॉट-स्वॅपच घ्यावा.

फक्त त्याचीही मर्यादा ओळखा. ही सॉकेटं अनंत वेळा काढघाल करायला केलेली नाहीत. दर आठवड्याला हौस म्हणून स्विच बदलत राहिलात तर पकड सैल होते. स्विच बसवताना मागून सॉकेटला बोटाचा आधार द्या, नाहीतर सॉकेट आपल्या पॅडसकट, म्हणजे पीसीबीवरच्या तांब्याच्या ठिपक्यासकट सुटतं. आणि बसवण्याआधी स्विचचे दोन्ही पाय सरळ आहेत का बघा. ‘नवीन कीबोर्डचं एक बटण चालत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा वाकून स्विचखाली दुमडलेला पाय असतो.

माझं मत विचाराल तर वीस वर्षांचा विचार करणाऱ्याने सोल्डर केलेला घ्यावा. सांधा नीट असेल तर त्यात सैल पडण्यासारखं काही उरत नाही. पण यासाठी सोल्डरिंग शिकायची तयारी हवी.

कुठला स्विच निवडू?

तीन जाती आहेत. लिनिअर सरळ खाली जातो, टॅक्टाइलला मध्ये एक उंचवटा जाणवतो, क्लिकी टकटक वाजतो. चेरीच्या भाषेत लाल, तपकिरी, निळा. लाल साधारण ४५ सेंटिन्यूटनला दबतो, काळा (हाही लिनिअरच) ६०ला. सगळा प्रवास ४ मिलिमीटर, अक्षर साधारण अर्ध्यावर उमटतं.

दोन खोल्यांच्या घरात रात्री काम करणार असाल तर निळा घेऊ नका. दुरुस्तीच्या नजरेनं बघितलं तर लिनिअर सगळ्यात सोपा, कारण त्यात आवाजासाठी वेगळा तुकडा नसतो. बाकी आवडीचा प्रश्न आहे आणि त्यावर भांडणारे पुष्कळ आहेत.

कुठला आकार घेतला तर सुटे भाग मिळत राहतील?

पूर्ण आकारात १०४ बटणं, आकड्यांचा उजवा गठ्ठा काढला की ८७ बटणांचा टीकेएल, मग ७५, ६५, ६० टक्के असे कमी होत जाणारे आकार. हिशेबनीस, बँकेत काम करणारे, टॅलीवर बसणारे यांनी उजवा गठ्ठा सोडू नये.

सुट्या भागांचा विचार केला तर ६० टक्के सगळ्यांत सुरक्षित. त्यात जीएच-६० नावाची एक जुनी खुली मांडणी रूढ झाली, त्यामुळे स्क्रूच्या जागा आणि पोर्टची जागा ठरून गेली. एका कंपनीचा पीसीबी दुसऱ्या कंपनीच्या केसमध्ये बसतो. ६५ आणि ७५ टक्क्यांत असं काही नाही. प्रत्येकाची केस वेगळी, पोर्टची जागा वेगळी, आणि पीसीबी गेला तर त्याच कंपनीचं दार ठोठवावं लागतं. ते दार उघडं असेलच असं नाही.

दुसरी काळजी खालच्या ओळीची. एक युनिट म्हणजे एका साध्या अक्षराच्या बटणाची रुंदी. स्पेसबार ६.२५ युनिटचा आणि त्याच्या बाजूची कंट्रोल, ऑल्ट ही बटणं १.२५ युनिटची असतील तर कुठलाही कीकॅपचा संच बसतो. काही तयार कीबोर्डांत उजवीकडची बटणं जागा वाचवायला बारीक केलेली असतात. असा कीबोर्ड घेतलात की कीकॅप शोधताना दमछाक होते.

यावर मराठी टाइप करता येतं का? देवनागरी कीकॅप मिळतात का?

येतं, कुठल्याही कीबोर्डवर. कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवत नाही, ‘अमुक जागेचं बटण दाबलं’ एवढंच सांगतो. त्या जागेला क म्हणायचं की के हे विंडोज, लिनक्स किंवा मॅक ठरवतं. त्यामुळे तुम्ही इनस्क्रिप्ट ही देवनागरी मांडणी वापरा, टायपिंगच्या क्लासात शिकलेली रेमिंग्टन वापरा किंवा रोमन अक्षरांतून मराठी लिहा, हार्डवेअरला फरक पडत नाही.

फरक पडतो तो आकारामुळे. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला आहेत, आणि उजवीकडची गर्दी एंटरपर्यंत जाते. च अर्धविरामाच्या बटणावर, ट त्याच्या शेजारी, ड चौकटी कंसावर, आणि ‘ॉ’ची खूण उलट्या तिरक्या रेघेच्या बटणावर. शिफ्टसह आकड्यांच्या ओळीत ज्ञ, त्र, क्ष, श्र बसलेले आहेत. ६० टक्क्यांपर्यंतच्या सगळ्या कीबोर्डांत ही बटणं जागच्या जागी असतात. पण ४० टक्के नावाचा जो गोंडस प्रकार आहे त्यात आकड्यांची ओळच नाही आणि उजवीकडची बटणंही गायब. तिथं ‘क्षत्रिय’ लिहायचं तर क्ष आणि त्रसाठी आणखी एक बटण दाबून थर, म्हणजे बटणांचा दुसरा अर्थ, बदलावा लागेल. इंग्रजीत कोडिंग करणाऱ्याला तो आवडेल, रोज मराठी लिहिणाऱ्याने लांब राहावं.

देवनागरी अक्षरं छापलेले संच कमी मिळतात. डाय-सबलिमेशन पद्धतीने छापून घेणं हा एक मार्ग आहे. त्यात शाई प्लास्टिकच्या आत मुरते, झिजत नाही. छापून घेणार असाल तर शिफ्टची अक्षरंही छापा. ळ शिफ्टखाली आहे, आणि नवशिक्याला तोच सापडत नाही.

कीकॅपवरची अक्षरं पुसली जातात, चकाकी येते. त्यावर उपाय?

चकाकी घासून जात नाही, कारण ती मळ नसते, पृष्ठभागाचा खरखरीतपणा झिजलेला असतो. एबीएस प्लास्टिक लवकर चकाकतं, पीबीटी उशिरा. अक्षर टिकायचं असेल तर डबलशॉट घ्या: त्यात अक्षर वेगळ्या रंगाच्या प्लास्टिकचं ओतलेलं असतं, कॅप झिजली तरी अक्षर राहतं. वरवर छापलेलं स्वस्त अक्षर वर्षभरात उडतं. पीबीटीचा लांब स्पेसबार कधी कधी मुळातच वाकडा निघतो, सपाट काचेवर ठेवून बघा.

क्यूएमके, व्हाया, व्हायल ही काय भानगड आहे?

कीबोर्डाच्या कंट्रोलरमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरला फर्मवेअर म्हणतात. क्यूएमके हे खुलं फर्मवेअर आहे. त्याच्या भांडारात हजाराहून जास्त कीबोर्डांची माहिती आहे. व्हाया आणि व्हायल ही बटणांची मांडणी बदलण्याची साधनं. व्हाया क्रोमसारख्या ब्राउझरमधून चालतं, फायरफॉक्समधून नाही. व्हायलमध्ये कीबोर्डाची मांडणी कीबोर्डाच्याच आत साठवलेली असते, त्यामुळे उद्या एखादं संकेतस्थळ बंद झालं तरी अडत नाही.

कंपनीचं स्वतःचं बंद सॉफ्टवेअर असलेला कीबोर्ड घेतला की एका धाग्याला लटकता. संगणकाची पुढची आवृत्ती आली, कंपनीने ते सॉफ्टवेअर सुधारलं नाही, की कॅप्स लॉकच्या जागी कंट्रोल आणणंही जमत नाही. ‘क्यूएमके आहे’ असं खोक्यावर लिहिलेलं पुरेसं नाही. क्यूएमकेच्या परवान्यानुसार कीबोर्ड विकणाऱ्याने त्यातले आपले बदलही खुले करायला हवेत, पण काही कंपन्या तेवढं करत नाहीत. आपल्या मॉडेलचा कोड खरोखर प्रसिद्ध आहे का, ते बघूनच पैसे द्या.

घेतल्या घेतल्या दोन फाइली जपून ठेवा: मूळ फर्मवेअर आणि तुमची मांडणी. पेनड्राइव्हवर, ईमेलमध्ये, कुठंही. आरपी-२०४० चिप असलेला पीसीबी बूटलोडर मोडमध्ये, म्हणजे सहसा त्यावरचं बूट बटण दाबून धरून, संगणकाला जोडला की पेनड्राइव्हसारखा दिसतो, त्यात फाइल टाकली की काम झालं. जुन्या एटीमेगा चिपमध्ये जागा फक्त ३२ किलोबाइट. तिथं सगळ्या सोयी एकदम मावत नाहीत.

वायरलेस घ्यावा का?

टिकाऊपणा हाच निकष असेल तर नको. घ्यायचाच असेल तर बॅटरी प्लगने जोडलेली आहे की सोल्डर केलेली, आणि केस स्क्रूने उघडते की चिकटवलेली, हे दोन प्रश्न विचारा. वायर लावून बॅटरीशिवाय चालतो का, हा तिसरा. फुगलेली बॅटरी दिसली तर कीबोर्ड लगेच बाजूला ठेवा, टोचून बघू नका.

मॅग्नेटिक, म्हणजे हॉल इफेक्ट स्विच जास्त टिकतात ना?

स्विच टिकतो, कारण पट्ट्या एकमेकींना टेकतच नाहीत. चुंबक किती जवळ आला हे सेन्सर मोजतो. पण चुंबकाची दिशा, ताकद आणि उंची याबाबत सगळ्या कंपन्यांचं एकमत नाही. आज घेतलेल्या कीबोर्डाला दहा वर्षांनी नेमका जुळणारा स्विच मिळेल याची खात्री एमएक्सइतकी देता येत नाही. ऑप्टिकल स्विचचं आणि बुटक्या लो-प्रोफाइल स्विचचंही तेच. बुटक्यात तर एकाच कैल कंपनीच्या चॉक स्विचच्या पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीच्या कीकॅप एकमेकांना बसत नाहीत.

एक बटण चालत नाही, किंवा एका दाबात दोनदा उमटतं. कुठून सुरुवात करू?

आधी कीबोर्ड दुसऱ्या संगणकाला, दुसऱ्या केबलने लावून बघा. हसू नका, बऱ्याच दुरुस्त्या इथंच संपतात.

मग कीकॅप काढून स्विच थेट दाबा. हॉट-स्वॅप असेल तर शेजारचा चालू स्विच इथं लावा. चालला तर दोष स्विचचा. नाही चालला तर सॉकेटच्या दोन टोकांना चिमट्याने क्षणभर जोडा. अक्षर उमटलं म्हणजे पीसीबी ठीक आहे, सॉकेटची पकड गेली आहे. तरीही नाही, तर त्या बटणाचा डायोड बघा. प्रत्येक स्विचमागे एक छोटा डायोड असतो. त्यामुळे अनेक बटणं एकदम दाबली तरी कीबोर्ड गोंधळत नाही. साधा १एन४१४८ जातीचा, एक-दोन रुपयांचा. मल्टिमीटरच्या डायोड मोडवर एका दिशेने ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवायला हवं, उलट दिशेने काहीच नाही.

एकच बटण गेलं तर हे सगळं. पण आडवी किंवा उभी अख्खी ओळ गेली असेल तर स्विचांना दोष देत बसू नका. बटणं आडव्या-उभ्या रेषांच्या जाळीत जोडलेली असतात आणि त्यातली एक रेषा कुठंतरी तुटली आहे, किंवा कंट्रोलरचा त्या रेषेचा पाय सुटलाय. पीसीबीच्या मागून बारीक वायरने रेषेची दोन टोकं जोडली की कीबोर्ड पुन्हा चालतो. दिसायला वाईट दिसतं, आतलं कोण बघतंय?

दोनदा उमटण्याचं कारण बहुधा पट्ट्यांवर बसलेला थर. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब टाकून स्विच पन्नासेक वेळा दाबा. तात्पुरतं हवं असेल तर क्यूएमकेमध्ये डिबाउन्सची वेळ, म्हणजे पट्ट्यांची थरथर दुर्लक्षित करायची वेळ, नेहमीच्या ५ मिलिसेकंदांवरून ८-१० करा. हे दुखणं लपवणं आहे, पण मुदतीच्या दिवशी तेवढं पुरतं.

चहा सांडला!

केबल उपटा, बॅटरी असेल तर तीही सोडवा. कीबोर्ड उलटा धरा. चालू करून ‘चालतोय का’ बघण्याचा मोह सगळ्यात घातक. पाण्यापेक्षा आपला दूध-साखरेचा चहा वाईट, कारण पाणी उडून जातं आणि साखर तिथंच बसते. कीकॅप साबणाच्या कोमट पाण्यात टाका. हॉट-स्वॅप असेल तर भिजलेले स्विच काढा. पीसीबीवरचा चिकटपणा आधी डिस्टिल्ड वॉटरने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने पुसा. केमिकलच्या दुकानात ते ‘आयपीए’ नावाने मिळतं. दोन दिवस पंख्याखाली वाळवा. हेअर ड्रायर नको, स्टॅबिलायझरचं प्लास्टिक वाकतं.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात काही वेगळी काळजी?

प्लेट पोलादी असेल तर तिच्या छिद्रांच्या कडांना गंज धरतो, खाऱ्या हवेत लवकर. ॲल्युमिनियम किंवा पीसीबीच्याच फायबरची, म्हणजे एफआर-४ची प्लेट बरी. पितळेची काळवंडते, पण त्यानं बिघडत काही नाही. चेरीच्या स्विचमध्ये टेकणारी टोकं सोन्याच्या मिश्रधातूची असतात, ती ऑक्सिडेशनला दाद देत नाहीत. रोज वापरात असलेल्या कीबोर्डाला पावसाळा फारसा बाधत नाही, त्रास होतो तो माळ्यावर टाकलेल्याला. तो सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पिशवीत ठेवा. विदर्भ-मराठवाड्यात शत्रू ओलावा नाही, धूळ. तिथं रात्री वरून एक फडकं टाकलं तरी पुरे.

स्विचला वंगण लावायलाच हवं का?

नाही. टिकण्यासाठी गरज नाही, आवाज आणि स्पर्शासाठी लावतात. क्रायटॉक्स २०५ हे नाव सतत ऐकू येईल. लावायचंच तर अगदी पातळ, आणि धातूच्या पट्ट्यांपासून दूर. स्टॅबिलायझरच्या तारेला मात्र डायइलेक्ट्रिक ग्रीस जरूर लावा, खडखड जाते. शिलाई मशीनचं तेल आणि खोबरेल यांचा विचारही नको.

मला सोल्डरिंग येत नाही. कुणाकडून करून घेऊ?

मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे जा. टाइप-सी पोर्ट बदलणं हे त्याचं रोजचं काम आहे आणि कीबोर्डाचा पीसीबी त्याला फोनच्या मानाने मैदानासारखा वाटतो. ‘कीबोर्ड दुरुस्त करता का’ असं विचारलंत तर नाही म्हणेल. पीसीबी सुटा करून न्या आणि ‘हे पोर्ट बदलायचंय’ एवढंच सांगा.

शिकायचं असेल तर पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग. तापमान बदलता येणारं आयर्न, ६०-४० सोल्डर वायर, फ्लक्स, सोल्डर ओढायचा पंप आणि विक (वितळलेलं सोल्डर शोषणारी तांब्याची पट्टी) एवढं घ्या. आधी भंगारातल्या रेडिओच्या बोर्डावर हात बसवा. ३२० ते ३५० अंशांवर एका सांध्याला दोन-तीन सेकंद. त्याहून जास्त टेकवून ठेवलंत तर पॅड उचलतं.

घरी जुना टीव्हीएस गोल्ड पडलाय. त्याचं काही होईल?

होईल आणि करावंच. मेडिकलची दुकानं, सरकारी कचेऱ्या, डीटीपीची केंद्रं, सगळीकडे टकटक करणारा तो हाच. जुन्या टीव्हीएस गोल्डमध्ये चेरीचे निळे स्विच आहेत. म्हणजे ‘कस्टम’ हा शब्द आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधीपासून आपले कारकून मेकॅनिकल कीबोर्डवर काम करत होते.

स्विच सोल्डर केलेले आहेत, प्रत्येकाला दोन सांधे. एखादा गेला तर पंपाने जुना काढा आणि कुठल्याही कंपनीचा एमएक्स मापाचा निळा लावा. नवीन मागवायची वाट बघायची नसेल तर स्क्रोल लॉकचा स्विच काढून तिथं बसवा. स्क्रोल लॉक शेवटचं कधी दाबलं होतं ते आठवून बघा. कीकॅपही नव्या बसतात, फक्त संच घेण्याआधी एंटर, बॅकस्पेस आणि स्पेसबारची मापं पट्टीने मोजा.

जुन्या गोल पीएस-टू पिनेचा असेल तर वीस-तीस रुपयांचा साधा अडॅप्टर बऱ्याचदा चालत नाही. तो फक्त तारा जोडतो, भाषा बदलत नाही. आत चिप असलेला कन्व्हर्टर घ्या. १९८५ला आलेल्या आयबीएमच्या मॉडेल एमलाही तेच लागू. तो भंगारात सापडला तर सोडू नका. त्याच्या पाठीमागचे प्लास्टिकचे रिव्हेट तुटतात, त्या जागी बारीक बोल्ट लावण्याची पद्धत जगभर रूढ आहे, आणि सुटे भाग अमेरिकेतली युनिकॉम्प ही कंपनी विकते.

परदेशातून मागवू का? ग्रुप बायमध्ये पैसे गुंतवू का?

ग्रुप बाय म्हणजे आधी पैसे, मग कारखान्याला ऑर्डर, मग महिनोन्‌महिने वाट. कधी वर्ष-दीड वर्षं. त्यात विकणारा बुडाला तर पैसेही बुडतात. पहिल्या कीबोर्डासाठी या वाटेला जाऊ नका. शिवाय टिकाऊपणाच्या दृष्टीने तोटा असा की माल एकदाच बनतो, नंतर पीसीबी मिळत नाही. सामील व्हायचंच असेल तर जादा पीसीबी त्याच वेळी घ्या. परदेशातून मागवताना कस्टम ड्यूटी आणि जीएसटी धरूनच किंमत मोजा. चांगले स्विच आता भारतातल्या दुकानांतही नगाला वीस-तीस रुपयांपासून मिळतात, आणि कीक्रोनसारख्या कंपन्यांचे क्यूएमकेवर चालणारे तयार कीबोर्डही.

घरात कुठले सुटे भाग ठेवावेत?

त्याच जातीचे दहा स्विच, दोन केबली, स्टॅबिलायझरचा एक संच, स्विच आणि कीकॅप काढायचे चिमटे. परवडत असेल तर एक पीसीबी. आणि केसचे स्क्रू. ते छोटे, विचित्र मापाचे असतात आणि फरशीवर पडले की पुन्हा दिसत नाहीत.

जुना कीबोर्ड विकायचा किंवा टाकायचा असेल तर?

अख्खा विकला गेला नाही तर सुटा विका. स्विच आणि कीकॅपला गिऱ्हाईक लगेच मिळतं. टाकायचाच असेल तर बॅटरी वेगळी काढून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही.

विकण्याआधी एक काम आठवणीने करा. काही जण मॅक्रोमध्ये पासवर्ड भरून ठेवतात, एक बटण दाबलं की आपोआप टाइप व्हावा म्हणून. ते कीबोर्डाच्या मेमरीत जसेच्या तसे राहतात आणि नव्या मालकाने व्हाया उघडलं की समोर दिसतात. फर्मवेअरमधून मेमरी पुसून टाका, पुन्हा जोडून मॅक्रो रिकामे झालेत का बघा, आणि मगच खोक्यात भरा.